अँटी-स्पायवेअर : विश्वास नेमका कोणत्या प्रोग्रामवर ठेवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील पतसंस्था, वाचनालये आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी दुकाने यांचे संगणक सांभाळताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, तेच येथे घेतले आहेत. उत्तरे वाचून वाचकाला आपल्या समोरचा प्रोग्राम स्वतः तपासता यावा, एवढीच अपेक्षा आहे.

स्पायवेअर म्हणजे काय? त्यासाठी वेगळा प्रोग्राम घ्यावा लागतो का?

आपण काय टाइप करतो, कोणती पाने पाहतो, कोणते पासवर्ड वापरतो, ही माहिती आपल्या नकळत बाहेर पाठवणाऱ्या प्रोग्रामला स्पायवेअर म्हणतात. २००० च्या सुमारास अँटीव्हायरस कंपन्या या प्रकाराकडे फारसे लक्ष देत नव्हत्या, म्हणून ॲड-अवेअर, स्पायबॉट असे स्वतंत्र प्रोग्राम पुढे आले. आता ती विभागणी उरलेली नाही. चांगला अँटीव्हायरस स्पायवेअरही पकडतो. ‘तुमच्याकडे अँटीव्हायरस आहे, पण अँटी-स्पायवेअर नाही’ असे सांगून कोणी दुसरा प्रोग्राम गळ्यात मारू लागले, तर तेथेच सावध व्हावे.

इंटरनेटवर काही पाहत असताना ‘तुमच्या संगणकात ४७ व्हायरस सापडले’ असा इशारा येतो. तो खरा मानावा का?

मानू नये. एखादे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडल्याने त्याला आपल्या हार्ड डिस्कवरील फायली चाळता येत नाहीत. पडद्यावर पुढे सरकणारी हिरवी पट्टी आणि भराभर बदलणारी फायलींची नावे हे निव्वळ चित्र असते. हा धंदा जुना आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी आयोगाने डिसेंबर २००८ मध्ये इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला, तेव्हा विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर आणि एक्सपी अँटीव्हायरस अशा नावांखाली दहा लाखांहून अधिक ग्राहकांना याच पद्धतीने फसवले गेल्याचे आयोगाने म्हटले होते. २०१२ मध्ये न्यायालयाने त्या प्रकरणात १६ कोटी ३० लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला.

असे पान उघडले, तर त्यातील ‘रद्द करा’ किंवा फुलीचे बटणही दाबू नये, कारण ते बटणसुद्धा त्याच पानाच्या मालकाने काढलेले असते. कीबोर्डवरील ऑल्ट आणि एफ ४ एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा. तो बंद होत नसेल, तर टास्क मॅनेजरमधून बंद करावा आणि पुन्हा उघडताना आधीची पाने परत आणण्याचा पर्याय नाकारावा.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दिवसभर असे इशारे टपकत राहण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा वेगळे असते. कधीतरी एखाद्या संकेतस्थळाने ‘सूचना पाठवू का?’ असे विचारलेले असते आणि घाईत ‘अलाउ’ दाबले गेलेले असते. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढून घेतली, की ‘व्हायरस’ त्या क्षणी नाहीसे होतात. माझ्याकडे ‘व्हायरस लागला’ म्हणून आलेल्या कितीतरी संगणकांत याहून अधिक काही झालेले नव्हते.

खोटा प्रोग्राम खऱ्यासारखाच दिसत असेल, तर ओळखायचा कसा?

दिसण्यावरून ओळखता येत नाही, हे प्रथम मान्य करावे. खोट्या प्रोग्रामचा पडदा कित्येकदा खऱ्यापेक्षा देखणा असतो, आणि नावही एखाद्या परिचित नावात एक अक्षर इकडे-तिकडे करून घेतलेले असते. म्हणून पहिला प्रश्न त्याच्या उगमाचा विचारावा : हा प्रोग्राम आपण शोधत गेलो होतो, की तो आपल्याकडे चालत आला? जाहिरातीतून, फुकट खेळाच्या सेटअपबरोबर, व्हॉट्सॲपच्या गटातून किंवा फोनवरील अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आलेला सुरक्षा-प्रोग्राम तपासत बसण्याचीही गरज नाही. कंपनीचे नाव आधी माहीत करून घेऊन तिच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून उतरवून घेतलेल्या प्रोग्रामचीच पुढची तपासणी करण्यात अर्थ आहे. शोधयंत्रातील पहिला दुवा पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असतो, हेही येथे लक्षात ठेवावे.

दुसरी कसोटी अशी, की ज्या संगणकात काहीही नाही तेथे तो प्रोग्राम काय सांगतो ते पाहावे. नुकतेच फॉरमॅट मारून मूळ विंडोज घातलेल्या संगणकात त्याला तीनशे ‘गंभीर धोके’ सापडत असतील, तर तो धोके शोधत नाही, गिऱ्हाईक शोधतो. साध्या कुकी (संकेतस्थळांनी ठेवलेल्या लहान नोंदी), रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारातील) निरुपद्रवी नोंदी आणि तात्पुरत्या फायली मोजून आकडा फुगवणे ही यातली नेहमीची युक्ती. २००६ च्या जानेवारीत अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने आपल्या स्पायवेअरविरोधी कायद्याखाली स्पायवेअर क्लीनर नावाच्या प्रोग्रामच्या विक्रेत्यावर खटला भरला, तो याच मुद्द्यावर : फुकटची तपासणी स्वच्छ संगणकातही स्पायवेअर दाखवत असे आणि ते काढण्यासाठी सुमारे ५० डॉलर मागितले जात. त्याच वर्षी विक्रेत्याने दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. नावाजलेल्या दुकानाची पाटी असली तरी असे घडू शकते. ऑफिस डेपो या अमेरिकी दुकानसाखळीत ग्राहकांच्या संगणकाची ‘आरोग्य तपासणी’ करणारा प्रोग्राम वापरत. तपासणीच्या सुरुवातीला ‘संगणक मंद चालतो का?’ अशा चार तक्रारींपैकी एकीवर जरी खूण केली, तरी निकालात धोका दाखवला जाई, मग संगणकात काहीही असो. त्या प्रकरणात २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि प्रोग्राम पुरवणारी कंपनी यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर मोजावे लागले.

याच्या उलट बाजूने पाहणेही सोपे आहे. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक चाचणी-फाइल आहे. ती पूर्णपणे निरुपद्रवी आहे, पण सर्व प्रमाणभूत अँटीव्हायरसनी तिला व्हायरस समजून अडवावे असा संकेत ठरलेला आहे. प्रोग्राम तिला अडवत नसेल, तर एकतर तो बंद आहे किंवा नावापुरताच आहे. तिला अडवले म्हणून मात्र तो उत्तम ठरत नाही; हजेरीला ‘ओ’ म्हणणे आणि परीक्षेत उत्तीर्ण होणे यांत जितका फरक, तितका येथेही आहे.

उरलेली लक्षणे थोडक्यात सांगता येतील. काढून टाकण्याचा सरळ मार्ग नसणे, कंपनीचा पत्ता कोठेच नसणे, आणि ‘पुढील दहा मिनिटांत पैसे भरा’ असा उलटा चालणारा घड्याळाचा काटा. यांपैकी एकही दिसले तरी पुढे जाऊ नये.

सेटअप फाइलवर डिजिटल सही असते, असे ऐकले. ती कशी पाहायची?

फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यावर ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा भाग दिसतो. तेथे कंपनीचे नाव असावे आणि तपशील उघडल्यावर सही वैध असल्याचे विंडोजने सांगावे. सुरक्षा-प्रोग्रामच्या फाइलवर सही अजिबात नसेल, तर ती फाइल पुसून टाकावी. सही असणे म्हणजे सज्जनपणाचा दाखला नव्हे. फाइल कोणाच्या नावाने निघाली आणि वाटेत तिच्यात बदल झाला का, एवढेच त्यातून कळते.

तीच फाइल व्हायरसटोटलवर टाकून पाहिली तर?

पाहावी. गुगलच्या मालकीच्या या संकेतस्थळावर एकच फाइल अनेक कंपन्यांच्या व्हायरस शोधणाऱ्या इंजिनांपुढे ठेवली जाते. सत्तरांपैकी एखाद्याच इंजिनाने शंका घेतली, तर तो गैरसमज असण्याचा संभव मोठा. वीस-पंचवीस इंजिने एकाच वेळी बोट दाखवत असतील, तर चर्चेला जागा नाही. एक दक्षता मात्र घ्यावी : तेथे टाकलेली फाइल इतर संशोधकांनाही मिळू शकते, म्हणून सभासदांच्या याद्या, पहाणीचे (जमिनीचे) उतारे किंवा आधार कार्डांच्या प्रती तेथे कधीही चढवू नयेत.

वेगवेगळ्या संस्था चाचण्या घेऊन गुण देतात. ते कसे वाचावेत?

जर्मनीतील माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्हज, लंडनची एसई लॅब्ज आणि १९९८ पासून व्हीबी१०० हे प्रमाणपत्र देणारी व्हायरस बुलेटिन ही यातली जाणती नावे. प्रोग्रामच्या पानावर त्यांचे पदक चिकटवलेले दिसले, तर त्यावर समाधान मानू नये. चित्र कोणालाही चिकटवता येते. चाचणी संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन त्या प्रोग्रामचे नाव, आवृत्ती आणि महिना शोधावा. चार वर्षांपूर्वीचे पदक आज फारसे उपयोगाचे नाही. ९९.७ आणि ९९.९ टक्के यांतील फरकावर डोके खपवण्यापेक्षा ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ किती, म्हणजे निर्दोष फायलींवर किती वेळा खोटा आळ घेतला, हा रकाना पाहावा. लेखापरीक्षणाच्या आदल्या दिवशी हिशेबाचाच प्रोग्राम अडवून ठेवणारा अँटीव्हायरस पतसंस्थेला व्हायरसइतकाच महागात पडतो.

‘दहा सर्वोत्तम अँटीव्हायरस’ अशा याद्यांबद्दल माझे मत वाईट आहे. त्यांपैकी बहुतेक याद्या दुव्यावरून झालेल्या प्रत्येक विक्रीमागे दलाली घेतात, आणि पहिला क्रमांक कशावरून ठरला असेल याचा अंदाज वाचकाने करावा.

विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरेसा नाही का?

घरगुती वापरासाठी आणि लहान कार्यालयासाठी बहुतांशी पुरेसा आहे, मात्र तो चालू असला पाहिजे. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट नावाची कंपनी विकत घेऊन तिचा अँटी-स्पायवेअर आपलासा केला, २००६ मध्ये तो विंडोज डिफेंडर या नावाने आला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येऊ लागला. दुसरा मान्यताप्राप्त अँटीव्हायरस बसवला, की तो आपणहून बाजूला होतो. म्हणून एका संगणकात दोन-तीन अँटीव्हायरस ठासून भरण्याने संरक्षण वाढत नाही, संगणक तेवढा रडत-खडत चालतो.

आपल्याकडची खरी अडचण निराळी आहे. गल्लीतल्या दुकानात ‘विंडोज मारून’ आणलेल्या संगणकात परवान्याऐवजी क्रॅक (परवाना टाळून प्रोग्राम चालवणारा चोरटा तुकडा) घातलेला असतो, आणि तो क्रॅक टिकावा म्हणून डिफेंडर बंद केलेला असतो किंवा त्याला काही फोल्डरांकडे पाहू नये असे सांगून ठेवलेले असते. एका पतसंस्थेत मी गेलो, तेव्हा डिफेंडरचे चिन्ह हिरवेगार होते, तपासणी दोन सेकंदांत संपत होती आणि ‘धोका नाही’ असा निर्वाळा मिळत होता. ‘एक्सक्लूजन’ची यादी उघडली, तर संपूर्ण सी ड्राइव्हच तिच्यात लिहिलेला! पहारेकरी जागा होता, पण त्याचे तोंड भिंतीकडे केलेले होते. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस संरक्षणाच्या सेटिंगखाली ही यादी सापडते. ती प्रत्येकाने एकदा उघडून पाहावी, आणि आपण स्वतः न घातलेली नोंद असेल तर कारण विचारावे.

विंडोज १० साठी नियमित सुरक्षा अपडेट देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहे. मुळातील भोके बुजवली जात नसतील, तर वरून कोणताही अँटी-स्पायवेअर घातला तरी त्याची मर्यादा राहणारच.

भारतीय कंपनीचा, त्यातही मराठी माणसाच्या कंपनीचा प्रोग्राम घेणे अधिक सुरक्षित का?

हा प्रश्न सीमाभागात मनापासून विचारला जातो, आणि त्यामागची भावना मला समजते. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या लहानशा दुकानापासून सुरुवात करणाऱ्या कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी पुण्यात उभी केलेली क्विक हील, चेन्नईची के७ आणि मुंबईची ईस्कॅन या खऱ्या, जुन्या आणि पत्ता असलेल्या कंपन्या आहेत. बिलाची पावती आणि दुरुस्तीसाठी जवळचा माणूस मिळणे हा त्यांचा फायदा खराच आहे. मात्र कंपनीचे मूळ गाव पाहून प्रोग्रामची गुणवत्ता ठरत नाही.

कंपनी खरी असली तरी तिच्यावर लक्ष ठेवावे लागते, याची दोन उदाहरणे देतो. ईस्कॅनचे अपडेट एके काळी असुरक्षित, साध्या एचटीटीपी मार्गाने येत. त्याचा फायदा घेऊन हल्लेखोरांनी वाटेतच अपडेट बदलून गुप्टीमायनर नावाचा घातक प्रोग्राम पोहोचवल्याचे अव्हास्ट या चेक अँटीव्हायरस कंपनीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. दोष त्यापूर्वी, जुलै २०२३ मध्ये दुरुस्त झाला होता. दुसरे उदाहरण त्या अव्हास्टचेच. तिची जंपशॉट ही शाखा वापरकर्त्यांनी कोणती पाने पाहिली याची माहिती विकत होती. बभ्रा झाल्यावर २०२० मध्ये ती बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. हेरगिरी थांबवण्यासाठी घेतलेला प्रोग्रामच माहिती विकू लागला, तर त्याला काय म्हणावे हे ज्याचे त्याने ठरवावे. बसवताना ‘माहिती इतरांना देण्यास संमती’ अशी खूण आधीच केलेली असेल, तर ती काढून टाकावी.

पैसे खर्च करायचे नसतील, तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची मोफत साधने मिळतात.

मोबाइलसाठी कोणता ॲप टाकावा?

बहुतेकांनी कोणताही टाकू नये, असे माझे उत्तर आहे. एव्ही-कंपॅरेटिव्हजने २०१९ मध्ये अँड्रॉइडच्या २५० सुरक्षा-ॲपची चाचणी घेतली, तेव्हा त्यांपैकी केवळ ८० ॲपना निर्दोष ॲपवर आळ न घेता किमान ३० टक्के घातक नमुने ओळखता आले. काही ॲप तर तपासणी करतच नव्हते. ‘ओळखीच्या’ नावांची एक यादी बाळगायची आणि तिच्यात नसलेल्या प्रत्येक ॲपला धोकादायक म्हणायचे, एवढेच त्यांचे काम. आपले स्वतःचे नाव यादीत घालायला विसरलेल्या काहींनी स्वतःलाच धोकादायक ठरवले. त्याआधी २०१४ मध्ये व्हायरस शील्ड नावाचा ॲप गुगल प्ले स्टोअरवर जवळपास चार डॉलरला हजारोंनी विकला गेला. बोट लावले की ढालीवरची फुली जाऊन बरोबरची खूण उमटे, आणि त्यापलीकडे तो काहीही करत नसे! प्ले स्टोअरवर आहे, म्हणजे उपयोगाचा आहे, असे यावरून म्हणता येत नाही.

आपल्या भागात मोबाइलवरचे संकट बहुधा व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या एपीके फाइलीतून, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणाऱ्या फाइलीतून येते. लग्नपत्रिका, पीएम किसानचा हप्ता, आरटीओचे चलन, बँकेची केवायसी अशी नावे तिला दिलेली असतात. पत्रिका कधीही ॲपच्या रूपात येत नाही, ती चित्र किंवा पीडीएफ असते. अशा फाइलीने एसएमएस वाचण्याची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे पडदा वाचण्याची आणि आपल्या वतीने फोन चालवण्याची, परवानगी मागितली, तर ओटीपी परक्याच्या हाती देण्यासारखेच ते आहे. प्ले स्टोअरमधील प्ले प्रोटेक्ट ही तपासणी चालू ठेवणे, अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवण्याची परवानगी बंद ठेवणे आणि फोनचे अपडेट घेणे, यातून पैसे न देता पुष्कळ संरक्षण मिळते. आयफोनमध्ये एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या आत डोकावता येत नाही, त्यामुळे तेथे ‘फोन स्कॅन करून व्हायरस काढतो’ हा दावाच फोल आहे.

पेगॅसससारखे हेरगिरीचे प्रोग्राम यांनी पकडले जातात का?

नाही. त्यासाठी फोनच्या नोंदींची न्यायवैद्यक तपासणी लागते. ‘पेगॅसस शोधून देतो’ असे सांगणारा बाजारू ॲप दिसला, तर त्यावर सहजी विश्वास ठेवू नये.

अँटीव्हायरसचा क्रॅक किंवा शंभर रुपयांत मिळणारी परवान्याची किल्ली (आकडे-अक्षरांचा संकेत) वापरली तर चालेल का?

चालणार नाही. क्रॅक बसवताना पहिली सूचना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशीच असते, आणि त्या पाच मिनिटांत आत काय शिरले हे नंतर कळायला मार्ग नसतो. स्वस्त किल्ली बहुधा कोणाच्या तरी सामूहिक परवान्यातली असते. ती मध्येच बंद पडते. त्यापेक्षा डिफेंडर बरा.

‘तुमच्या अँटीव्हायरस कंपनीतून बोलतो’ असा फोन आला आणि तो माणूस शुद्ध मराठीत बोलत होता. खरा असेल का?

भाषेवरून विश्वास ठेवू नये. कन्नड, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांत फोन येतात, आणि येथे आपल्या भाषेत कोणी बोलले की आपण चटकन सैल होतो, हे फोन करणाऱ्यालाही ठाऊक असते. तो ‘रिमोट’ मागतो, म्हणजे दुरून आपला संगणक चालवू देणारा एनीडेस्कसारखा प्रोग्राम उघडायला लावून त्याचा क्रमांक विचारतो. येथे गोंधळ असा होतो, की एनीडेस्क हा प्रोग्राम खरा आणि सही केलेला असतो, त्यामुळे कोणताही अँटी-स्पायवेअर त्याला अडवेलच असे नाही. फोन ठेवावा, आणि पावतीवरील क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा.

चुकून खोटा प्रोग्राम बसवला आणि पैसेही भरले. आता काय करावे? तक्रार कर्नाटकात की महाराष्ट्रात?

प्रथम इंटरनेट तोडावे, मग बाकीचे. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बँकेला कळवून कार्ड किंवा नेट बँकिंग थांबवावे, १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि ईमेल व बँकेचे पासवर्ड बदलावेत. हे पासवर्ड त्याच बाधित संगणकावर बसून बदलू नयेत. नवा पासवर्डही जुन्याच वाटेने जाईल. संगणकात डिफेंडरची ‘ऑफलाइन’ तपासणी चालवावी, कारण त्यात विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच शोध घेतला जातो. बँकेत हिशेब चालवणारा संगणक असेल, तर तपासणीवर न थांबता मूळ परवान्याच्या विंडोजसह तो नव्याने उभारावा, असा माझा आग्रह असतो.

तक्रारीच्या जागेवरून निपाणी आणि चिकोडीकडे नेहमी घोळ होतो, कारण राहणे कर्नाटकात, खाते कोल्हापूरच्या शाखेत आणि सिमकार्ड महाराष्ट्राचे, अशी अनेकांची स्थिती आहे. १९३० आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे संकेतस्थळ देशभरासाठी एकच आहे, त्यामुळे पहिल्या तासात हद्दीचा विचार करत बसू नये. पुढील तक्रारीसाठी बेळगाव शहर पोलीस आयुक्तालय आणि जिल्हा पोलीस यांची सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे पाहणारी) ठाणी वेगवेगळी आहेत. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याने नोंदवून घ्यायची असते. हे कलम १ जुलै २०२४ पासून लागू आहे, आणि ‘तिकडे जा’ असे उत्तर मिळाल्यास त्याचा नम्रपणे उल्लेख करावा.

जाताना पैसे गेल्याच्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक), पडद्याची छायाचित्रे आणि आलेले संदेश बरोबर न्यावेत. घाबरून संगणक लगेच फॉरमॅट करू नये; मूळ सेटअप फाइल आणि ती कोठून उतरवली त्याचा पत्ता आधी एका कोऱ्या पेनड्राइव्हवर घ्यावा, त्यावर ‘उघडू नये’ अशी चिठ्ठी लावावी आणि तो ठाण्यात दाखवेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही संगणकाला जोडू नये.